गर्भारपणात कर्करोगासारखे दिसणारे गर्भाशयाचे अस्तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गर्भपातानंतर किंवा लांबलेल्या रक्तस्रावासाठी पिशवीचे क्युरेटिंग झाले, की खरवडून काढलेले अस्तर फॉर्मॅलिनच्या डबीत घालून तपासणीला पाठवले जाते. नाशिकमध्ये ही डबी पुष्कळदा घरचेच कोणीतरी प्रयोगशाळेत आणून देतात आणि काही दिवसांनी रिपोर्टही तेच घेऊन जातात. त्या रिपोर्टात ‘आरियास-स्टेला रिअॅक्शन’ किंवा ‘एटिपिकल ग्रंथी, गर्भारपणाशी संबंध तपासावा’ असे वाक्य असले, की लिफाफा काउंटरवरच उघडला जातो, मोबाइलवर शोध सुरू होतो आणि ‘एटिपिकल’, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या, या एका शब्दापाशी सगळे थबकतात. पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करताना काउंटरच्या पलीकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. कोणत्याही एका रुग्णाचा निर्णय या मजकुरावरून घेऊ नये. तो रिपोर्ट, सोनोग्राफी आणि रक्ततपासणी एकत्र पाहून आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा असतो.

रिपोर्टात ‘आरियास-स्टेला रिअॅक्शन’ असे लिहिले आहे. हा कर्करोग आहे का?

नाही. हा कर्करोग नाही, कर्करोगाची सुरुवात नाही आणि पुढे कर्करोगात बदलणारी अवस्थाही नाही. गर्भधारणेच्या संप्रेरकांना गर्भाशयाच्या अस्तराने दिलेला तो एक तात्पुरता प्रतिसाद आहे. संप्रेरके उतरली, की तोही ओसरतो.

मग हा बदल नेमका कशामुळे होतो?

दर महिन्याला बीज बाहेर पडल्यानंतर अंडाशयात प्रोजेस्टेरॉन तयार होऊ लागते आणि अस्तरातील ग्रंथी स्राव साठवू लागतात. गर्भ राहिला नाही, तर हे अस्तर पाळीबरोबर निघून जाते. गर्भ राहिला, तर वारेच्या प्राथमिक ऊतीतून एचसीजी हे संप्रेरक रक्तात येते. गर्भारपणाच्या घरगुती पट्टीवर जे उमटते, ते हेच. एचसीजीमुळे अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन यांचा पुरवठा चालू राहतो, आणि ज्या ग्रंथी महिन्याच्या शेवटी विझायच्या, त्या विझण्याऐवजी आणखी फुलतात.

हे फुलणे काही ठिकाणी मर्यादेबाहेर जाते. ग्रंथींच्या पेशी मोठ्या होतात, त्यांच्यात स्वच्छ पाण्यासारखी दिसणारी पोकळी तयार होते आणि केंद्रके सामान्य आकाराच्या कितीतरी पट वाढून गडद होतात. या पेशी आपल्या डीएनएचा संच दुप्पट, चौपट करतात, पण दोन पेशींत विभागत मात्र नाहीत. केंद्रक मोठे आणि काळे दिसण्याचे कारण हेच आहे. कर्करोगाची पेशीही मोठी आणि काळी दिसते, पण ती सतत विभागत असते. दोघींमधला महत्त्वाचा फरक इथेच सुरू होतो.

हे नाव कुठून आले? ही ‘स्टेला’ कोण?

हा प्रश्न मला आवडतो, कारण रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेल्या माणसाला तो सुचला, की त्याची भीती थोडी उतरली आहे असे समजावे. हावियेर आरियास-स्टेला हे एकाच व्यक्तीचे नाव आहे. ते पेरू देशातील पॅथॉलॉजिस्ट होते. गर्भाची किंवा वारेची ऊती शरीरात असताना गर्भाशयाच्या अस्तरात दिसणाऱ्या या विलक्षण बदलाचे सविस्तर वर्णन त्यांनी १९५४ साली प्रसिद्ध केले. त्याआधीही असे अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली कोणीतरी पाहिलेले असणारच. परंतु त्याचा गर्भधारणेशी असलेला संबंध ठामपणे मांडून, हा कर्करोग नव्हे, असे सांगण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. पुढे त्यांनी या बदलाची पाच रूपे वेगळी करून दाखवली आणि त्यांतील एकाला ‘राक्षसी पेशींचे रूप’ अशा अर्थाचे नाव दिले. ज्याने ती स्लाइड पाहिली आहे, त्याला हे नाव अतिशयोक्तीचे वाटत नाही. अँडीज पर्वतात फार उंचीवर राहणाऱ्या लोकांच्या शरीरातील बदलांवरही त्यांनी काम केले आणि ते पेरूचे आरोग्यमंत्री व परराष्ट्रमंत्रीही झाले.

इतका निरुपद्रवी बदल असेल, तर तो कर्करोगासारखा दिसतोच कसा?

सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग ओळखताना आम्ही प्रथम केंद्रकाकडे पाहतो. केंद्रक मोठे आहे का, गडद आहे का, आकार वेडावाकडा आहे का आणि शेजारच्या पेशीशी त्याचा मेळ बसतो का, हे चार प्रश्न डोळा आपोआप विचारतो. आरियास-स्टेला बदलात या चारही प्रश्नांची उत्तरे कर्करोगाच्या बाजूने येतात. त्यात भर म्हणून काही पेशींची फुगलेली केंद्रके ग्रंथीच्या पोकळीत खिळ्याच्या डोक्यासारखी बाहेर डोकावतात आणि पेशीचा उरलेला भाग काचेसारखा स्वच्छ दिसतो. गर्भाशयाच्या ‘क्लिअर सेल कार्सिनोमा’ नावाच्या दुर्मीळ पण आक्रमक कर्करोगात अगदी याच दोन खुणा असतात. कधीकधी ‘सीरस कार्सिनोमा’ या गर्भाशयाच्या दुसऱ्या आक्रमक कर्करोगाशीही गल्लत होऊ शकते.

क्युरेटिंगचा नमुना अखंड नसतो, हीदेखील एक अडचण आहे. खरवडलेले तुकडे, रक्ताच्या गुठळ्या, गळून पडत असलेले अस्तर असे सगळे एकत्र येते. भिंतीचा एक विटेएवढा तुकडा दाखवून घर कसे होते, असे विचारल्यासारखे ते असते. गर्भपात होऊन काही दिवस गेले असतील, तर ऊती सुजलेली आणि अर्धवट सडलेली असते आणि चांगल्या ग्रंथीही विद्रूप दिसतात.

मग पॅथॉलॉजिस्ट फरक कसा ओळखतात?

एकाच खुणेवर कोणीही निर्णय देत नाही. पहिली गोष्ट म्हणजे ग्रंथींची मांडणी. आरियास-स्टेला बदलात पेशी कितीही भयानक दिसल्या, तरी ग्रंथी आपल्या जागी, एकमेकींपासून अंतर राखून असतात. नागमोडी, करवतीच्या दात्यांसारख्या कडांच्या, पण अस्तराच्या मूळ रचनेला धरून. कर्करोगात ग्रंथी एकमेकींवर चढतात, मधली आधारऊती नाहीशी होते आणि पेशी आजूबाजूला घुसखोरी करतात.

दुसरी गोष्ट म्हणजे शेजार. ग्रंथींच्या भोवतीच्या ऊतीत डेसिड्युआ, म्हणजे गर्भारपणात टपोऱ्या, गुबगुबीत झालेल्या पेशींचा थर दिसला, तर सगळे चित्र बदलते. हा थर संप्रेरकांच्या प्रभावाचा पुरावा असतो. शिवाय हा बदल बहुधा तुकड्यातुकड्याने होतो: एकाच ग्रंथीत दोन पेशी राक्षसी आणि बाजूच्या चार पेशी अगदी शांत, असे दृश्य दिसते. कर्करोगात अशी सरमिसळ क्वचितच आढळते.

तिसरी गोष्ट विभाजनाची. वर सांगितल्याप्रमाणे या पेशी सहसा विभागत नाहीत, म्हणून विभाजनाच्या अवस्थेतील केंद्रके फार थोडी दिसतात किंवा दिसतच नाहीत. त्यांची केंद्रके गडद असली, तरी पुष्कळदा शाई पसरावी तशी धूसर असतात. आतले बारकावे पुसले गेलेले असतात. जिवंत, भुकेल्या कर्करोगपेशीचे केंद्रक असे थकलेले दिसत नाही. ‘थकलेले’ हा शब्द पाठ्यपुस्तकातला नाही, माझा आहे; पण वर्षानुवर्षे स्लाइड पाहणाऱ्या माणसाच्या मनात अशीच विशेषणे तयार होतात.

चौथी गोष्ट स्त्रीचे वय आणि तिची हकीकत. क्लिअर सेल कार्सिनोमा हा मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांचा आजार आहे. २६ वर्षांच्या, दोन महिने पाळी चुकलेल्या मुलीच्या नमुन्यात तो असण्याची शक्यता फार कमी, आणि ६२ वर्षांच्या आजींच्या नमुन्यात आरियास-स्टेला बदल असण्याची शक्यता त्याहून कमी. एकच स्लाइड असली, तरी ती कोणाची आहे हे कळल्याशिवाय तिचा अर्थ पूर्ण होत नाही.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री केली, तर शंका राहणार नाही ना?

ऊतीतील ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणारी ही चाचणी उपयोगी आहे, पण ती निकालाचा शिक्का नव्हे. विभाजनाचा वेग दाखवणारी केआय-६७ ही खूण आरियास-स्टेला बदलात कमी येते आणि कर्करोगात बहुधा जास्त. पी-५३ या प्रथिनाचे रंगणे बदललेले दिसले, तर ते कर्करोगाच्या बाजूने धरले जाते. मात्र क्लिअर सेल कार्सिनोमा ओळखण्यासाठी वापरली जाणारी नॅप्सिन-ए ही खूण आरियास-स्टेला बदलातही रंगते, हे ठाऊक नसेल तर ती चाचणीच दिशाभूल करू शकते. पैसे भरून जादा चाचणी केली म्हणून उत्तर अधिक खरे झाले, असे होत नाही. साध्या रंगाच्या स्लाइडवर मांडणी स्पष्ट असेल आणि गर्भारपणाची खात्री असेल, तर या चाचणीची गरजच पडत नाही.

तपासणीच्या चिठ्ठीवर काय लिहिलेले असावे?

या पानावर एकच उत्तर वाचायचे असेल, तर हे वाचावे.

फार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक नमुना आला. चिठ्ठीवर वय ३८ आणि ‘अनियमित रक्तस्राव’ एवढेच होते. स्लाइडवर मोठी काळी केंद्रके, स्वच्छ पेशी, ग्रंथीत डोकावणाऱ्या खिळ्यासारख्या पेशी होत्या. मी वहीच्या कोपऱ्यात ‘क्लिअर सेल?’ असे लिहूनही ठेवले. मग भोवतालची ऊती डेसिड्युआसारखी वाटली, म्हणून डॉक्टरांना फोन केला आणि गर्भारपणाची चाचणी झाली आहे का, असे विचारले. ती झालेली नव्हती, कारण बाईंची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया आठ वर्षांपूर्वी झाली होती. त्या दिवशी चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. सोनोग्राफीत उजव्या नळीत, म्हणजे बीजवाहिनीत, गर्भ होता. नळबंदीनंतर गर्भ राहणे विरळच, पण राहिलाच, तर तो नळीत असण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते. माझ्या वहीतली ती कोपऱ्यातली नोंद मी खोडली नाही. ती पाहिली, की हात फोनकडे लवकर जातो.

म्हणून चिठ्ठीवर शेवटच्या पाळीची तारीख, पाळी चुकली होती का, गर्भारपणाच्या चाचणीचा निकाल, अलीकडचे बाळंतपण किंवा गर्भपात, गर्भपाताच्या गोळ्या, सुरू असलेली संप्रेरके, तांबी आणि नळबंदी यांचा उल्लेख असावा. डॉक्टरांच्या घाईत ते राहून गेले, तर डबी घेऊन येणाऱ्या नातेवाइकाने काउंटरवर सांगितले तरी चालते. ही माहिती नोंदवून घेण्यासाठी दोन मिनिटे लागतात.

रिपोर्टात ‘कोरिऑनिक व्हिलाय आढळले नाहीत’ असेही लिहिले आहे. याचा अर्थ काय?

व्हिलाय म्हणजे वारेच्या मुळांसारखे सूक्ष्म तंतू. पिशवीत गर्भ होता, याचा तो प्रत्यक्ष पुरावा. अस्तरात आरियास-स्टेला बदल आहे, डेसिड्युआ आहे, पण व्हिलाय नाहीत, असे असेल तर स्लाइड एवढेच सांगते: या शरीरात गर्भारपणाची संप्रेरके होती, गर्भ कुठे होता, हे मात्र या नमुन्यावरून कळत नाही.

शक्यता तीन राहतात. गर्भ आधीच पूर्ण पडून गेला असेल. खरवडताना तो भाग हाती आला नसेल. किंवा गर्भ पिशवीबाहेर, बहुतेक वेळा बीजवाहिनीत असेल. पिशवीबाहेरील गर्भधारणांपैकी ९० टक्क्यांहून अधिक नळीत असतात. नळीतला गर्भ वाढून नळी फुटली, तर काही तासांत पोटात जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. रिपोर्ट हाती घेतलेल्या कुटुंबाला कर्करोगाची भीती वाटत असते आणि खरा धोका मात्र दुसरीकडे असू शकतो. असा रिपोर्ट लिहिताना मी केवळ टाइप करून थांबत नाही. डॉक्टरांना फोन करतो.

पुढचा तपास योनिमार्गे सोनोग्राफी आणि रक्तातील बीटा-एचसीजी यांचा असतो. एचसीजी एकदाच मोजून पुरत नाही. ४८ तासांनी पुन्हा मोजतात. पिशवीतला सुदृढ गर्भ असेल, तर सुरुवातीच्या आठवड्यांत या काळात पातळी साधारण दीडपट किंवा त्याहून अधिक होते. ती नीट उतरत असेल, तर गर्भ पडून गेला असावा. ना धड चढत, ना धड उतरत, अशी रेंगाळत असेल, तर पिशवीबाहेरील गर्भाचा संशय बळावतो. वेळेत सापडला आणि नळी फुटलेली नसेल, तर निवडक स्त्रियांना गर्भाची वाढ थांबवणारे मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन पुरते. एरवी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात. स्त्रीचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना आठवणीने विचारावे.

व्हिलाय सापडले, तर गर्भ पिशवीत होता हे नक्की होते. एक गर्भ पिशवीत आणि दुसरा नळीत, असे फार क्वचित घडते. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारानंतर ही शक्यता थोडी वाढते.

आम्ही सुरगाण्याजवळ राहतो. रिपोर्ट येईपर्यंत घरी थांबावे का?

क्युरेटिंगनंतर पोटात एका बाजूला सतत किंवा वाढत जाणारी कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणे, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घाम सुटून अंग गार पडणे, यांपैकी काहीही झाले, तर रिपोर्टची वाट पाहू नये. पोटात साचलेले रक्त छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचते आणि दुखणे खांद्यात जाणवते. ‘वात धरला’ म्हणून त्यावर तेल चोळत बसण्यात वेळ जातो. १०८ क्रमांकाला फोन करून सोनोग्राफी, रक्त आणि शस्त्रक्रिया यांची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. सुरगाणा, पेठ, इगतपुरीच्या वाड्यावस्त्यांवरून नाशिकला पोहोचायला पावसाळ्यात किती वेळ लागतो, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. ज्यांच्या रिपोर्टात व्हिलाय नाहीत आणि एचसीजीचा निकाल लागायचा आहे, त्यांनी ते दोन दिवस शहरातल्या नातेवाइकांकडे राहावे, असे मी सुचवतो. द्राक्षतोडणीचा हंगाम असला, तरीही.

गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या होत्या, घरी सांगितलेले नाही. डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे का?

होय, डॉक्टरांना सांगावे. गर्भपातानंतर एचसीजी पूर्ण उतरायला काही आठवडे लागतात आणि अस्तरातील आरियास-स्टेला बदलही काही आठवडे राहू शकतो. ही गोष्ट लपली, तर ‘गर्भारपण नाही, तरी विचित्र पेशी’ असा चुकीचा हिशेब मांडला जातो आणि कर्करोगाच्या दिशेने नको तितका तपास होतो. वैद्यकीय गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात, विशेषतः २०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भपात केलेल्या स्त्रीची ओळख गुप्त ठेवण्याची जबाबदारी डॉक्टरांवर स्पष्टपणे टाकलेली आहे. तपासणीच्या खोलीत सासूबाई किंवा नणंद सोबत असतील, तर दोन मिनिटे बाहेर थांबायला सांगा, अशी विनंती डॉक्टरांना करता येते. डॉक्टरांनी ती आपणहून करावी, हे अधिक बरे.

गर्भारपण नव्हतेच, तरी रिपोर्टात हा बदल आला आहे. हे शक्य आहे का?

शक्य आहे. पाळी लांबवण्यासाठी किंवा रक्तस्राव थांबवण्यासाठी घेतलेली प्रोजेस्टेरॉनसारखी औषधे, गर्भनिरोधक गोळ्या आणि वंध्यत्वावरील संप्रेरके यांनीही असा बदल कधीकधी दिसतो. लग्नकार्य, पूजा, त्र्यंबकेश्वरचा विधी अशा कारणांनी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या सहज घेतल्या जातात आणि त्या ‘औषध’ म्हणून लक्षातही राहत नाहीत. डॉक्टरांनी विचारले, की उत्तर ‘काही चालू नाही’ असेच येते. मेडिकलमधून आणलेली रिकामी पट्टी दाखवली, तरी पुरे.

पाळी गेलेल्या स्त्रीच्या नमुन्यात असे काही दिसले आणि संप्रेरकांचे कोणतेही कारण सापडले नाही, तर मात्र पॅथॉलॉजिस्टने हा शब्द सहजासहजी वापरू नये. तिथे कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत तपास सुरू ठेवावा लागतो: पुन्हा नमुना, हिस्टेरोस्कोपी (दुर्बिणीतून पिशवीची आतून पाहणी), वर सांगितलेल्या जादा चाचण्या. कर्करोगाबाबत इतर बहुतेक उत्तरांत मी धीर देतो आहे; इथे देत नाही.

गर्भवती असताना पॅप तपासणीत ‘एटिपिकल ग्रंथिपेशी’ आल्या. तो हाच बदल असू शकतो का?

असू शकतो. हा बदल गर्भाशयाच्या मुखातील ग्रंथींत, बीजवाहिनीत आणि एंडोमेट्रिऑसिसच्या, म्हणजे गर्भाशयाबाहेर वाढलेल्या अस्तरासारख्या, ऊतीतही होतो. मुखातून घेतलेल्या पेशींच्या नमुन्यात तो आला, तर ग्रंथींच्या कर्करोगाशी किंवा त्याच्या पूर्वावस्थेशी त्याची गल्लत होऊ शकते. डेसिड्युआच्या सुट्या पेशीही असाच गोंधळ घालतात. तरी ‘गर्भारपण आहे, म्हणून असे दिसले असेल’ असे गृहीत धरून रिपोर्ट कपाटात ठेवणे बरोबर नाही. कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून मुखाची पाहणी, गर्भारपणातही करता येते; मुखाच्या आतील भाग खरवडणे मात्र टाळतात.

‘द्राक्षगर्भ’ म्हणजे हेच का?

नाही, पण दोघांचे नाते आहे. द्राक्षगर्भात वारेचे तंतू पाण्याने फुगून घडासारखे दिसतात. निफाड-पिंपळगावच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्यात एचसीजी फार वाढलेले असते, त्यामुळे शेजारच्या अस्तरात आरियास-स्टेला बदल ठळक दिसू शकतो. हा बदल निरुपद्रवी असला, तरी द्राक्षगर्भ स्वतः तसा नाही. पिशवी रिकामी केल्यावर एचसीजी सामान्य होईपर्यंत दर आठवड्याला आणि त्यानंतर काही महिने अधूनमधून मोजावे लागते, कारण थोड्या स्त्रियांत ती ऊती पुन्हा वाढते आणि औषधोपचार लागतो. या काळात पुन्हा गर्भ राहू देऊ नये. रिपोर्टात दोन्ही शब्द असतील, तर पाठपुरावा द्राक्षगर्भाचा करायचा.

या बदलावर उपचार काय? पिशवी काढावी लागेल का?

आरियास-स्टेला बदलावर उपचार नसतो, कारण तो आजार नाही. औषध नको, पुन्हा क्युरेटिंग नको, पथ्य नको. उपचार असतील, ते ज्या कारणासाठी नमुना घेतला गेला त्या कारणाचे: अपूर्ण गर्भपात, नळीतला गर्भ, रक्तस्राव. केवळ या शब्दावर बोट ठेवून कोणी गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला, तर सही करण्याआधी दुसरे मत घ्यावे. ही घाईची शस्त्रक्रिया नाही.

पुढे मूल होण्यात अडचण येईल का?

या बदलामुळे नाही. गर्भपात किंवा नळीतला गर्भ होऊन गेला असेल, तर पुढच्या वेळी त्याचा विचार डॉक्टर करतील. विशेषतः नळीतला गर्भ एकदा झाला असेल, तर पुन्हा पाळी चुकताच लवकर सोनोग्राफी करून गर्भाची जागा पाहून घ्यावी.

दुसरे मत घ्यायचे असेल, तर नेमके काय न्यायचे?

कागदी रिपोर्ट पुरत नाही. काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक न्यावे लागतात. ब्लॉकमध्ये मूळ ऊती असते, त्यामुळे नवे छेद घेऊन नव्या स्लाइड बनवता येतात. प्रयोगशाळेत अर्ज आणि रुग्णाचे ओळखपत्र दाखवून ते मिळतात. मागण्यात संकोच करू नये, आणि कोणताही शहाणा पॅथॉलॉजिस्ट त्याचा राग मानत नाही. मीही शंकेच्या स्लाइड सहकाऱ्यांना दाखवतो. मुंबईला परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात बाहेरच्या स्लाइड तपासून घेण्याची सोय आहे आणि नाशिकहून बरेच लोक त्यासाठी जातात. सोबत मूळ चिठ्ठीची प्रत, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि एचसीजीचे आकडे तारखांसह न्यावेत. ते नसतील, तर मोठ्यातल्या मोठ्या रुग्णालयातला पॅथॉलॉजिस्टही आधी तोच प्रश्न विचारेल: पाळी कधी चुकली होती?

ब्लॉक उन्हात ठेवलेल्या गाडीच्या डिकीत नेऊ नयेत, मेण वितळते. स्लाइड पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या खाचांच्या डबीत न्याव्यात. रुमालात गुंडाळलेल्या फुटक्या काचा मी जोडून वाचल्या आहेत, पण त्या वाचताना काही भाग कायमचा गेलेला असतो.

रिपोर्टात ‘प्लासेंटल साइट नोड्यूल’ किंवा ‘डेसिड्युअल कास्ट’ असे शब्द आहेत. तेही असेच का?

प्लासेंटल साइट नोड्यूल म्हणजे जुन्या गर्भारपणातील वारेच्या जागी उरलेली छोटीशी गाठ. ती गर्भारपणानंतर काही वर्षांनीही अचानक नमुन्यात सापडू शकते आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाशी तिची गल्लत होऊ शकते. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते. मात्र त्यातल्या पेशी ‘एटिपिकल’ आहेत असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर पाठपुरावा लागतो. डेसिड्युअल कास्ट म्हणजे पिशवीच्या आकाराचे अस्तर एकसंध बाहेर पडणे. घरी असे मांसल काही पडले, तर ‘गर्भ पडून गेला’ असे समजून टाकून दिले जाते. नळीत गर्भ असतानाही असे अस्तर पडू शकते, म्हणून ते स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. डॉक्टर ते मिठाच्या पाण्यात तरंगवून पाहतात: वारेचे तंतू असतील, तर ते पाणवनस्पतीच्या फांद्यांसारखे पसरतात, नुसते अस्तर असेल, तर तसे पसरत नाही. नंतर ते तपासणीला पाठवायचे असते, तेव्हा डबीत पाणी किंवा स्पिरिट न घालता फॉर्मॅलिनच घालावे आणि डबीवर नाव, तारीख व शेवटच्या पाळीची तारीख लिहावी.